सुट्या पट्ट्या

साखर मोजण्याची गोष्ट लघवीपासून सुरू होते, तेव्हा वाचकांनी सणासुदीच्या अंकात नाक मुरडू नये. आज आमच्या साखळी गावात कुणाच्याही घरी जा, टीव्हीच्या रिमोटशेजारी साखरेचं मशीन पडलेलं असतं. बोटाला टोच, पाच सेकंद थांब, आकडा हजर. जावई जेवायला आला की सासरा आधी त्याचं बोट मागतो. मी फार्मासी, म्हणजे औषधाचं दुकान, उघडली तेव्हा यातलं काही नव्हतं. गोवा राज्य व्हायच्या आगेमागेचे ते दिवस. तेव्हा घरी साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत चमचाभर निळं पाणी घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. त्या पाण्याला शास्त्रातलं मोठं नाव आहे, पण गिऱ्हाईक निळं पाणीच म्हणायचं आणि मीही. उकळून निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, नारिंगी झालं तर फार, आणि विटकरी झालं तर चपला घालून डॉक्टरकडे चालू लागा.

ज्यांना हे उकळणं जमायचं नाही ते नमुना माझ्याकडे पाठवायचे. कारापूरचे एक भाटकार, म्हणजे जमीनदार, तो फेणीच्या बाटलीतून पाठवायचे आणि वर चिठ्ठी लावायचे, 'ही फेणी नव्हे.' एका पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सासूचा नळीवर विश्वासच नव्हता, तिचा मुंग्यांवर होता. "मुयो येवंक ना, म्हणजे साकर ना," असं ती ठणकावून सांगायची. तिचा जावई बेकरीत रोज मुंग्यांची पावडर मारायचा ही गोष्ट वेगळी.

असले किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि संपादकांनी मागितले होते ते तसलेच. पण मला यंदा दुसरंच लिहायचं आहे, आणि का लिहायचं आहे ते शेवटी येईल.

आधी माझ्याविषयी थोडं, कारण चूक कुठून आली ते त्याशिवाय कळणार नाही. माझे वडील पाडेली होते. दुसऱ्यांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलेलं नव्हतं. मी पणजीला राहून फार्मसी शिकलो, पास झालो, आणि प्रमाणपत्राला फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगलं, असं की औषध घेताना गिऱ्हाइकाची मान वर झाली की ते दिसलंच पाहिजे. कोकणी की मराठी हा भाषेचा वाद तेव्हा पेटलेला होता, दुकानांच्या पाट्यांवरून सुद्धा लोक भांडत. माझ्या पाटीवर 'औषधालय' एवढा एकच शब्द होता, तो दोन्हीकडच्यांनी आपला मानला. घरी मी आमच्या गावचंच बोलायचो, पण काउंटरवर उभा राहिलो की पुस्तकातलं मराठी बोलायचो. त्याचं कारण भाषेचा वाद नव्हता. पाडेल्याचा मुलगा डॉक्टरच्या बरोबरीनं बोलतो हे लोकांना ऐकू जावं, एवढंच.

दत्तारामदादा माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. दोडामार्गाकडून तरुणपणी खाणीवर आले, टिपर चालवला, चाळिशीत साखर निघाली तेव्हा कंपनीनं गाडीवरून उतरवून वजनकाट्यावर बसवलं. खनिजाच्या गाडीचं वजन लिहिणारा माणूस. तिथं दोन टन इकडचे तिकडे करायला पाहिजे तितकी माणसं चहा पाजायला तयार असायची, पण दादांनी कधी एक किलो फिरवला नाही. लोक म्हणायचे, काटा बिघडला तरी चालेल, दत्ताराम बिघडायचा नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

घरी नळी उकळायचं काम त्यांच्या बायकोचं. तिला आम्ही सगळे वयनी म्हणायचो. वयनीला अक्षरओळख नव्हती, पण रंग असा ओळखायची की कॉलेजातल्या आमच्या सरांनी ऐकावं. बाटलीवरचे रंग तिनं आपल्या नावांनी लावून घेतले होते. हिरवं म्हणजे शेवाळ, पिवळं म्हणजे हळद, आणि विटकरी म्हणजे चिरो, ज्या जांभ्या दगडानं आमच्याकडे घरं बांधतात तो. दोघंही मला बाबा म्हणत. आठवड्यातून एकदा दुकानात यायची आणि पायरीवरूनच सांगायची, "बाबा, दोन दिस शेवाळ, एक दिस हळद. चिरो नाय." चार गिऱ्हाइकांपुढे नवऱ्याच्या लघवीचा हिशेब देताना तिला काही वाटायचं नाही. दादाच कानकोंडे व्हायचे. "गो, हळू बोल," म्हणायचे. "कित्याक हळू? तुमी चोरून जिलबी खाताना हळू खावा," वयनी म्हणायची.

मग रक्ताच्या पट्ट्या आल्या. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी, टोकाला औषधाचा चौकोन. बोट टोचून थेंब त्यावर ठेवायचा, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं, कापसानं पुसायचं, आणखी एक मिनिट थांबायचं, आणि चौकोनाचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. प्रत्येक रंगाखाली आकडा. मशीन नको, दिवा नको. साखळीत त्या पहिल्यांदा मी आणल्या आणि त्याचा मला फार तोरा होता.

अडचण एकच, बाटली महाग. पन्नास पट्ट्यांच्या बाटलीला खाणीवरच्या मजुराचा आठवड्याचा पगार गेला असता. आता औषधाच्या दुकानातली रीत तुम्हाला माहीत आहे. दहा गोळ्यांचं पाकीट परवडत नाही त्याला आम्ही कात्रीनं कापून दोन गोळ्या देतो. मी तीच रीत पट्ट्यांना लावली. बाटली उघडायची, पाच-पाच पट्ट्या कागदाच्या पुडीत बांधायच्या, आणि सुट्या विकायच्या. रंग कशाशी ताडायचे? तर रिकाम्या बाटल्यांची लेबलं मी पाण्यात भिजवून सोडवायचो, त्यावरचा रंगांचा पट्टा कापून कार्डावर चिकटवायचो आणि प्रत्येक घरी एक कार्ड फुकट द्यायचो. लोक म्हणाले, डोकं आहे. मलाही तसंच वाटलं.

त्या लेबलावर रंगांच्या खाली बारीक इंग्रजीत एक ओळ होती. पट्टी बाटलीबाहेर ठेवू नये, झाकण लगेच घट्ट लावावं, दमट हवेपासून जपावं. कार्डात बसत नाही म्हणून ती ओळ मी कात्रीनं कापून टाकायचो. वाचता येत नव्हती असं नाही. त्या बाजारात ती वाचता येणारे जे थोडे होते त्यांतला मी एक होतो.

उन्हाळ्यात काही बिघडलं नाही. पाऊस लागला तशी आमच्याकडे काय हवा असते ते गोंयकाराला सांगायला नको. मीठ पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही. माझ्या पुड्या लोकांच्या फळीवर, चुलीच्या वर, देवघरात पडलेल्या. पट्टीवरचं औषध दमटपणानं मरतं, मग ती फिकी उमटते. फिका रंग म्हणजे कमी साखर. म्हणजे पट्टी जितकी मेलेली, तितका माणूस बरा.

दत्तारामदादा पट्टी वापरू लागले होते. वजनकाट्याची सवय, म्हणून त्यांनी चाळीस पानी वही घातली. तारीख, वेळ, आकडा. एकशे चाळीस. एकशे वीस. एकशे तीस. वही घेऊन मला दाखवायला यायचे आणि मी खाली 'उत्तम' लिहून सही करायचो. शाळामास्तरासारखी.

श्रावणात एक दिवस वयनी आली. दुकानात गर्दी होती. तिनं पदराआडून नळी काढली आणि माझ्या काउंटरवर उभी केली.

"बाबा, तुझी पट्टी सांगता बरा हा, नि माझी नळी सांगता चिरो. चार दिस झाले. खरा कोणाचा?"

नळीतलं पाणी खरंच चिऱ्यासारखं लाल होतं. मी ते पाहिलं. पण गर्दीत एक मास्तर होते, पंचायतीचे एक सभासद होते, आणि वर माझं प्रमाणपत्र. मी पुस्तकातलं मराठी काढलं.

"वयनी, लघवी म्हणजे कालचं वर्तमानपत्र. रक्त म्हणजे आत्ताची बातमी. तुम्ही कालची बातमी घेऊन आजच्याशी भांडता."

लोक हसले. वाक्य तसं खोटंही नव्हतं, लघवीत मागच्या काही तासांची साखर दिसते. पण चार दिवस सतत चिरो दिसत असेल तर ते कालचं वर्तमानपत्र नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं.

वयनी हसली नाही. "ता माका कळना नाय. पण माझे डोळे फुटूक नाय. तू माका निळा पाणी दी, मी परत बघतंय."

"निळं पाणी आता मिळणार नाही," मी म्हणालो. मागे फळीवर दोन बाटल्या होत्या. "जुनं ते सोडा आता. डोळ्यांनी शास्त्र चालत नाही."

तिनं एकदा फळीकडे पाहिलं. बाटल्या तिला दिसत होत्या, त्यांचा रंग तिला न ओळखता येईल कसा? तरी तिनं नळी पदरात घेतली आणि पायरी उतरून गेली. मास्तर म्हणाले, "अडाणी माणसं, तुम्ही तरी किती समजावणार." मी मान हलवली.

चवथ जवळ आली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर मातोळी बांधतात, रानातली फळं, फुलं, पानं टांगून. ती आणायला घरचा कर्ता रानात जातो. दादा अनवाणी गेले, देवाचं काम म्हणून. उजव्या पायात बांबूची काडी घुसली. साखर ताब्यात असलेल्या माणसाची असली जखम आठवड्यात भरून येते. दादांनी वही पाहिली, एकशे तीस. पावडर टाकली. चवथीला दोन नेवऱ्याही, म्हणजे गोड करंज्याही, खाल्ल्या, कारण वही सांगत होती की खायला हरकत नाही. साखर वाढलेल्या पायाला दुखणं कळत नाही, हे दुसरं दुर्दैव. वास आला तेव्हा घरच्यांना कळलं.

त्यांची मुलगी शोभा मुरगावला दिलेली, नवरा बंदरात कामाला. ती धावत आली, बापाला मोठ्या इस्पितळात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या न्यायला माझ्या दुकानात आली. "साखर चारशेच्या वर आहे म्हणतात. आणि वहीत बघा, एकशे तीस! खरं काय समजायचं?"

ती गेल्यावर मी दुकानाचं दार अर्धं ओढलं. सलाईनची ग्लुकोजवाली बाटली फोडली, मापून पाणी घातलं आणि जास्त साखरेचं द्रावण केलं. एक पट्टी सीलबंद बाटलीतली घेतली, एक पुडीतली. दोन्हींवर एकेक थेंब. बाटलीतली दोन मिनिटांत शेवटच्या रंगापर्यंत गडद झाली. पुडीतली फिकट राहिली. पाच पुड्या फोडल्या. पाचही तशाच. मी टेबलावर त्या ओळीनं मांडून बसलो होतो, आणि बाहेर कुणीतरी सर्दीची गोळी मागत होतं.

म्हणजे इस्पितळात गेलो तेव्हा मला माहीत होतं. हे नीट वाचा. न कळून झालेली चूक मी आतापर्यंत सांगितली. पुढचं कळून केलेलं आहे.

दादांच्या खाटेशी शोभा होती, वयनी होती, आणि एक तरुण डॉक्टर वही चाळत होता. शोभा म्हणाली, "हेच ते फार्मासीवाले." डॉक्टरनं विचारलं, "हे आकडे या पायाचे असूच शकत नाहीत. तुमच्या पट्ट्यांत काही दोष?"

मी म्हणालो, "पट्टी परदेशी कंपनीची आहे, डॉक्टर. पट्टी खोटं बोलत नाही. लिहिणारा बोलू शकतो."

एवढंच. दोन सेकंदांचं काम. डॉक्टरनं वही मिटली. म्हणाला, असे पेशंट पुष्कळ असतात, गोड खातात आणि मनचे आकडे लिहितात. शोभा बापाकडे वळली. "बाबा, कुणाला फसवलंत? मला? आईला? पाय तुमचा होता ना?"

दादा ताडकन उठून बसायला गेले. "गो, मी एक आकडो खोटो लिवक नाय. वीस वर्सां काट्यार बसलंय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबा, तुका तरी ठावक हा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. वयनी माझ्याकडे पाहत होती. नंतर नवऱ्याला म्हणाली, "नेवऱ्यो खाल्ल्यात ता मी बघलंय. शिकलेलो माणूस खोटा सांगात?"

त्या आठवड्यात त्यांचं अर्धं पाऊल काढलं.

घरी परतल्यावर मी सगळ्या पुड्या गोळा केल्या. दहा-बारा घरं होती, साखळीत आणि आसपास. स्कूटर घेऊन दारोदार गेलो, सांगितलं, नवीन माल आलाय, जुना परत घेतो, बाटली निम्म्या किमतीत देतो. खरं कारण एकाही घरी सांगितलं नाही. सुदैवानं दुसऱ्या कुणाचं इतकं बिघडलं नव्हतं. लोक म्हणाले, किती काळजी घेतो हा माणूस. पुढे एका मंडळानं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, घरोघरी मधुमेहाची जागृती केल्याबद्दल. भाषणात मी म्हणालो, मोजमापात प्रामाणिकपणा हवा. टाळ्या पडल्या. दत्तारामदादा कुबडी घेऊन मागच्या खुर्चीवर बसले होते.

ते आणखी बरीच वर्षं जगले. गोळ्या माझ्याकडूनच न्यायचे. पण त्यांनी परत कधी वही घातली नाही. गावात काही वजन, काही माप लिहायचं निघालं की कुणीतरी हळूच म्हणायचं, दत्तारामाला नको, तो स्वतःच्या साखरेचे आकडे सुद्धा फिरवतो. शोभा माहेरी आली की त्यांचं ताट स्वतः तपासायची, खिसे चाचपायची. साखरेच्या माणसावर घरच्यांनी नजर ठेवणं वेगळं. ही चोरावरची नजर होती. एकदा दुकानात त्यांनी नुसतं विचारलं, "बाबा, पट्टी कधी चुकता काय रे?" मी म्हणालो, "क्वचित." ते म्हणाले, "हां." गोळ्या घेऊन गेले. त्या एका शब्दाच्या पुढे मला चार शब्द बोलता आले असते. पुढच्या वर्षी ते गेले.

दुकान बंद करून मला आता काही वर्षं झाली. यंदा पावसाच्या आधी मी वयनीच्या घरी गेलो. ती ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पुड्या, कापलेली ओळ, फळीवरच्या दोन बाटल्या, द्रावण, इस्पितळातलं वाक्य. काउंटरवरचं मराठी तेव्हा येईना, गावचंच बोललो.

तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "तू रडा नको. तुझा रडणा माका नको. तू खोटा बोललंस ता एकदा. मी माझ्या डोळ्यांनी चिरो बघलंय, आनी तुझा ऐकान तेंका खोटे म्हटलंय. ते मरासर, शेवटपर्यंत. तेंच्या ताटात बघत ऱ्हवलंय. ता मी खंय जाऊन सांगू?"

मी डोळे पुसले.

"शोभाला मी सांगतो," मी म्हणालो. "मुरगावला जाऊन."

"शोभाक सांगच. पण एकट्या शोभाक सांगून काय? तेंका खोटे चार माणसांत म्हटलंत. तू चार माणसांत सांग. तुका लिवक येता मां? लिव."

शोभाकडे मी गेलो. काय झालं ते तिचं आहे, इथं लिहीत नाही. मी परत निघालो तेव्हा ती दाराबाहेर आली नाही एवढं सांगतो. पण हा अंक गोव्यातल्या वाचनालयांत जातो, साखळीच्याही, आणि ज्यांनी तेव्हा ते ऐकलं त्यांतले बरेच अजून वाचतात. म्हणून गमतीचे किस्से बाजूला ठेवून हे लिहिलं.

दत्तारामदादांनी त्या चाळीस पानी वहीत लिहिलेला एकही आकडा खोटा नव्हता. पट्टीवर जे उमटलं ते त्यांनी लिहिलं. पट्ट्या माझ्या होत्या, आणि प्रत्येक पानाखाली सही माझी आहे.